शब्दांची खतावणी आणि शब्दांचे वजन

यंदाच्या स्मरणिकेसाठी मी काही लिहावे अशी संपादकमंडळाची आज्ञा झाली, तेव्हा धान्यबाजाराविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु बाजाराविषयी आपणां सर्वांस माझ्याइतकेच, किंबहुना काहींस माझ्याहून अधिक ठाऊक आहे. गेले वर्षभर माझे मन एका निराळ्याच विषयात गुंतले आहे. तो विषय संगणकशास्त्राचा. आणि मी तर मॅट्रिकनंतर थेट वखारीत येऊन बसलेला मनुष्य. तेव्हा हा लेख अधिकाराने लिहिलेला नव्हे, हे आरंभीच सांगून ठेवतो. इंग्लंडातील एका विदुषीने १९७२ साली जी एक गोष्ट मांडली, ती पेढीवर आयुष्य काढलेल्या मनुष्यास सहज उमगण्यासारखी आहे असे मला आढळून आले, आणि ती आपल्यापुढे ठेवावी एवढाच हेतू आहे.

विषयाकडे वळण्यापूर्वी आमच्या घरची एक हकीकत सांगणे प्राप्त आहे.

सन १९८७ च्या पावसाळ्याच्या तोंडी आमच्या बेळगावच्या पेढीने परगावच्या एका व्यापाऱ्याकडून खपली मागविली होती. माल वाटेत भिजला, काही नग टाकून द्यावे लागले आणि एकंदर वजनात तूट आली. ही तूट आपल्या नावे धरावी असे त्या व्यापाऱ्याने पत्राने कळविले. ते पत्र आले, तीर्थरूपांनी वाचले आणि दिवाणजींनी ते लावून ठेवले. दिवाळीस हिशेब पुरा करण्याची वेळ आली तेव्हा त्या गृहस्थाने तूट मान्य केल्याचे साफ नाकारले आणि पूर्ण रक्कम मागितली. आम्ही पत्र शोधू लागलो. खपलीच्या व्यवहाराची पत्रे ज्या पुडक्यात असत ते पुडके तीन दिवस तीन माणसांनी चाळले. पत्र मिळाले नाही. वडिलांनी रक्कम भरली, आणि रागाच्या भरात दिवाणजींस सर्वांदेखत चार शब्द सुनावले. दिवाणजी काही बोलले नाहीत. पुढच्या पाडव्यास प्रकृतीचे कारण सांगून त्यांनी काम सोडले.

१९९१ साली वखार हलविताना ते पत्र सापडले. ते हुंड्या व बँकेच्या भरण्याच्या पुडक्यात होते, आणि तेथेच ते असावयास हवे होते; कारण पत्राचा सारा मजकूर एका ड्राफ्टविषयी होता आणि खपलीच्या तुटीचा उल्लेख अगदी शेवटी दीड ओळीत होता. दिवाणजींनी पत्र बरोबर जागी लावले होते. वडील त्याच दिवशी ते पत्र घेऊन दिवाणजींच्या गावी गेले. तेथे काय बोलणे झाले ते त्यांनी आम्हांस कधी सांगितले नाही.

दोष कोणाचा होता? माझ्या मते दोष पुडक्याचा होता. एक पत्र एकाच पुडक्यात राहू शकते, पण एका पत्रात विषय मात्र चार असतात. ही अडचण केवळ आमची नव्हती. जगातील मोठमोठ्या ग्रंथालयांची, कचेऱ्यांची आणि शास्त्रीय संस्थांची हीच अडचण होती. आणि तिच्यावर ज्यांनी हयात घालविली त्यांपैकी कॅरन स्पार्क जोन्स या एक होत.

या बाईंचा जन्म १९३५ साली उत्तर इंग्लंडातील हडर्सफील्ड या गावी झाला. वडील रसायनशास्त्राचे अध्यापक आणि आई नॉर्वे देशाची. 'स्पार्क' हे आईकडचे नाव. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्यांनी शिकला तो इतिहास, आणि मागाहून एक वर्ष तत्त्वज्ञान. म्हणजे संगणकाचे शिक्षण त्यांस नव्हतेच. त्या काळी ते कोणास होते म्हणा! काही काळ त्यांनी शाळेत शिक्षिकेचे कामही केले. पुढे केंब्रिजमध्येच मार्गारेट मास्टरमन या तत्त्वज्ञ बाईंनी काढलेल्या भाषासंशोधनाच्या एका छोट्या मंडळात त्या दाखल झाल्या. यंत्राकडून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतर करवून घेता येईल काय, हा त्या मंडळाचा विचार होता. स्वतःचा संगणक मंडळापाशी नव्हता. भोके पाडलेल्या कार्डांच्या यंत्रांवर शब्दांची मांडामांड चाले. १९५८ साली रॉजर नीडम या संगणकशास्त्रज्ञाशी त्यांचा विवाह झाला. तथापि माहेरचे नाव त्यांनी कायम ठेवले.

१९६४ साली त्यांनी प्रबंध लिहिला तो समानार्थी शब्दांविषयी. एकाच अर्थाचे निरनिराळे शब्द यंत्रास आपले आपण ओळखून एकत्र लावता येतील काय, असा त्यात प्रश्न होता. हा प्रश्न आपणांस परका नाही. आमच्याच पत्रव्यवहारात कोणी 'तूट' लिहितो, कोणी 'घट' लिहितो, तर कोणी 'माल कमी भरला' असे लिहितो. आपण सीमाभागातले लोक. आपली अडचण तर दुप्पट आहे. ज्या धान्यास आपण खपली म्हणतो त्यासच आपले कानडी व्यापारी जवे गोधी म्हणतात, आणि एकाच पुडक्यात दोन्ही नावे येतात. मनुष्यास हे एक आहे हे कळते. यंत्रास ती दोन खाती दिसतात.

आता यंत्र कागदपत्र शोधते म्हणजे नेमके काय करते, हे सांगावयास हवे. येथे आपली वहीच उपयोगी पडते. आपण रोजचा व्यवहार कीर्दीत तारीखवार लिहितो. परंतु अमुक गृहस्थाकडे किती येणे आहे हे पाहण्यासाठी कोणी सगळी कीर्द वाचीत बसत नाही. आपण खतावणी उघडतो. खतावणीत प्रत्येक नावाचे खाते असते आणि त्या खात्यात कीर्दीच्या पानाचा आकडा दिलेला असतो. संगणकही असेच करतो. सर्व पत्रे ही त्याची कीर्द. ती एकदा आरंभापासून अखेरपर्यंत वाचून तो खतावणी तयार करतो; फरक एवढाच की खाती माणसांची नसून शब्दांची असतात. 'खपली' या शब्दाचे एक खाते, 'ड्राफ्ट' या शब्दाचे दुसरे, आणि प्रत्येक खात्याखाली तो शब्द कोणकोणत्या पत्रांत आला त्यांचे आकडे. असे केले म्हणजे आमचे ते पत्र 'ड्राफ्ट' या खात्यातही सापडते आणि 'खपली' या खात्यातही सापडते. पुडक्याचा प्रश्नच उरत नाही.

येथवर सारे सुगम आहे. खरी अडचण पुढे येते.

कोणी शोधावयास बसला म्हणजे तो एकच शब्द देत नाही, चार शब्द देतो. त्या चारही शब्दांची खाती उघडली तर शेकडो पत्रे पुढे येतात. त्यांतले आधी कोणते वाचावे? जुना सरळ उपाय असा होता की ज्या पत्रात आपले अधिकात अधिक शब्द जुळतील ते वर ठेवावे. चारपैकी तीन जुळले तर ते पत्र दोन जुळलेल्या पत्राच्या पुढे. ऐकावयास हे न्याय्य वाटते. पण यात सर्व शब्द एकाच मापाने मोजले जातात. बाजारात आपण असे कधी करतो काय? पोत्यांची संख्या सारखी म्हणून ज्वारीचे पोते आणि वेलदोड्याचे पोते यांची किंमत कोणी एक धरील काय?

स्पार्क जोन्स बाईंनी १९७२ साली 'जर्नल ऑफ डॉक्युमेंटेशन' या इंग्रजी नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल. एखादा शब्द नेमका आहे की मोघम, हे त्या काळचे अभ्यासक शब्दाच्या अर्थावरून ठरवीत. 'धान्य' हा शब्द मोघम, 'गहू' त्याहून नेमका, 'खपली' त्याहूनही नेमका, अशी ती पायरी. बाईंचे म्हणणे असे की शोधाच्या कामी अर्थ पाहत बसण्याचे कारण नाही; तो शब्द आपल्या संग्रहातील किती कागदांत आला आहे एवढेच मोजावे. जो पुष्कळ कागदांत येतो त्याचे वजन कमी धरावे आणि जो थोड्यांत येतो त्याचे अधिक धरावे. शब्दाची किंमत कोशात ठरलेली नसते. ती त्या संग्रहातील त्याच्या आवकेवर ठरते.

हे वाक्य मी नातीच्या तोंडून प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले. माझी नात येथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकाचा अभ्यास करते, आणि एके रात्री जेवताना ती हे सांगत होती. मी म्हणालो, "अगं, हे सांगायला विलायतेची बाई कशाला हवी? आवक वाढली की भाव उतरतो, हे आमच्या हमालालाही ठाऊक आहे." ती म्हणाली, "आजोबा, ठाऊक सगळ्यांना असतं. पण शब्दांच्या बाबतीत ते कुणी मोजून पाहिलं होतं?" यावर मजपाशी उत्तर नव्हते.

वजन किती धरावे, याचा हिशेब बाईंनी दुपटीच्या पायऱ्यांनी केला. तो असा. जो शब्द निम्म्याहून अधिक कागदांत येतो त्याचे वजन १. जो पावहून अधिक पण निम्म्यापर्यंत कागदांत येतो त्याचे २. अर्धपावाहून अधिक पण पावापर्यंत येणाऱ्याचे ३. याप्रमाणे दर निमपटीस वजन एकाने वाढवीत जावे. सरळ भागाकार का करू नये, असे मी नातीस विचारले. तिने सांगितले की तसे केले तर १२८ पत्रांत एकदाच आलेल्या शब्दास सर्वत्र आलेल्या शब्दाच्या १२८ पट वजन पडेल, आणि तो एकटा शब्द बाकीच्या सर्वांस दडपून टाकील. पायऱ्यांच्या हिशेबाने त्याचे वजन ८ होते. अधिक खरे, पण बेसुमार नव्हे.

मला स्वस्थ बसवेना. १९८७ ची ती दोन्ही पुडकी, खपलीचे आणि भरण्याचे, मी अजून जपून ठेविली आहेत. त्यांतली वाळवी न लागलेली आणि वाचता येण्याजोगी पत्रे निवडली, ती नेमकी १२८ भरली. मग नातीस हाताशी घेऊन मी त्यांची खतावणी मांडली. तीही संगणकावर नव्हे, तर लाल वहीत. उन्हाळ्याचे सोळा दिवस लागले. आम्हांस जे पत्र १९८७ साली हवे होते ते शोधावयास निघालेला मनुष्य कोणते शब्द घेऊन निघेल? पोती, गहू, तूट, खपली. हे चार शब्द धरले. 'पोती' हा शब्द ८१ पत्रांत निघाला. म्हणजे निम्म्याहून अधिक, वजन १. 'गहू' ५८ पत्रांत, वजन २. 'तूट' १९ पत्रांत; वजन ३. 'खपली' अवघ्या ७ पत्रांत, वजन ५.

आता गंमत पाहा. त्या हरवलेल्या पत्रात 'गहू' हा शब्दच नाही, कारण खपली म्हटल्यावर व्यापारी गहू म्हणत नाही. 'पोती' हाही शब्द नाही. त्या गृहस्थाने 'नग' असे लिहिले आहे. चारांपैकी दोनच शब्द जुळतात, खपली आणि तूट. जुन्या रीतीने नुसते शब्द मोजले तर तीन शब्द जुळणारी १३ पत्रे त्याच्या पुढे उभी राहतात, आणि दोन शब्द जुळणाऱ्या पत्रांची मोठी गर्दी त्याच्या बरोबरीस येते. वजनाने मोजले तर त्या पत्राचे ५ आणि ३ मिळून ८ होतात. ज्या ११ पत्रांत पोती, गहू आणि तूट हे तिन्ही आहेत त्यांचे १, २ आणि ३ मिळून ६ च होतात. खपली, गहू आणि पोती अशी तिन्ही असलेली दोन पत्रे मात्र ८ वर येऊन बरोबरीस बसली. म्हणजे आमचे पत्र पहिल्या तिघांत आले. तीन दिवस तीन माणसे लागली नसती. तीन पत्रे वाचावयास जितका वेळ लागतो तितका लागला असता.

यावर कोणी म्हणेल की एका पुडक्यावरून काय सिद्ध होते? काहीच नाही, हे मी मान्य करतो. स्पार्क जोन्स बाईही हेच म्हणाल्या असत्या. कारण त्यांच्या सर्व कामात कसोटीचा आग्रह फार होता. कसोटी लावण्याची रीत त्यांनी जिच्यावरून घेतली ती क्रॅनफिल्ड येथील विमानविद्येच्या कॉलेजातील ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी घालून दिली होती. शास्त्रीय लेखांचा एक संग्रह घ्यावयाचा, त्यावर विचारावयाचे प्रश्न आधी ठरवावयाचे, कोणत्या प्रश्नास कोणते लेख खरे उपयोगी आहेत हे माणसांकडून आधीच ठरवून घ्यावयाचे, आणि मग यंत्र ते काढते की नाही ते पाहावयाचे. बाईंनी १९७२ च्या निबंधात अशा तीन संग्रहांवर आपला हिशेब तपासला. त्यांपैकी क्रॅनफिल्डच्या संग्रहात लेख २०० आणि प्रश्न ४२ होते. इतर दोन संग्रहही हजारापर्यंत पोचले नव्हते. आज हे आकडे पोरखेळ वाटतील, पण तिन्ही ठिकाणी वजनाची रीत सरस ठरली.

कसोटीत दोन गोष्टी पाहतात. हवे असलेल्यांपैकी किती हाती आले, ही पहिली. हाती आलेल्यांपैकी किती खरोखर हवे होते, ही दुसरी. चाळणीचा अनुभव असणाऱ्यास हे सांगणे न लगे. भोके मोठी केली तर दाण्याबरोबर मातेरेही खाली येते. लहान केली तर मातेरे अडते, पण बारीक दाणाही अडून वाया जातो. दोन्ही एकदम साधणारी चाळणी मी तरी चाळीस वर्षांत पाहिली नाही. तथापि एक चाळणी दुसरीहून बरी असू शकते, आणि कोणती बरी हे मोजल्यावाचून कळत नाही.

माझ्या मनात एक शंका आली ती येथे नमूद करतो. दुर्मीळ ते मोलाचे, हे सर्वत्र खरे नाही. गव्हातला खडाही दुर्मीळच असतो. कारकुनाने 'खपली'च्या जागी 'खलपी' लिहिले तर तो शब्द एकदाच येणार आणि सर्वांत जड ठरणार! याचे उत्तर असे की हे वजन शोधणाऱ्याने विचारलेल्या शब्दांसच लागते. 'खलपी' कोणी विचारीत नाही, म्हणून तो खडा खात्यात पडून राहतो आणि उपद्रव देत नाही. मात्र ज्या पत्रात खपलीची खलपी झाली ते पत्र हरवले ते हरवलेच. एवढी उणीव या रीतीत आहे.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे, आणि ती लहान नाही. इंग्रजीत शब्दाचे रूप फारसे बदलत नाही. आपल्याकडे 'गहू' लिहिणारा पुढच्याच ओळीत 'गव्हाचा', 'गव्हास', 'गव्हांत' असे लिहितो. मी हाताने मोजताना हे सारे एकाच खात्यात धरले, कारण मी मराठी मनुष्य आहे. यंत्रास शिकविल्यावाचून ते चार निराळे शब्द दिसतात, प्रत्येकाचे खाते वेगळे पडते, आणि एक साधा गहू चार ठिकाणी फुटून विनाकारण जड होतो. इंग्रजी शब्दांची शेपटे छाटण्याची एक रीत मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली केंब्रिजमध्येच प्रसिद्ध केली आणि ती जगभर चालली. मराठीचे शेपूट इतक्या सहज छाटले जात नाही, कारण 'गहू'चे 'गव्हा' होताना मूळ शब्दच आतून बदलतो.

शब्द एका पत्रात किती वेळा आला, हाही हिशेब पुढे या वजनास जोडला गेला. हान्स पीटर लून या गृहस्थांनी अमेरिकेत १९५७ च्या सुमारास ती बाजू मांडली होती. एखाद्या पत्रात 'खपली' पाच वेळा आली तर ते पत्र खपलीविषयीच असावे, एवढाच त्याचा अर्थ. या दोन आकड्यांचा गुणाकार करून शोध घेण्याची रीत पुढे सर्वत्र रूढ झाली.

आता 'यंत्र शिकते' असे जे आपण वर्तमानपत्रांत वाचतो त्याविषयी. वखारीत नवा मुलगा येतो तेव्हा आपण त्यास धान्याची लक्षणे पाठ करावयास लावीत नाही. दहा नमुने पुढे ठेवून हा चांगला, हा वाईट, एवढेच सांगतो. काही दिवसांनी त्याची बोटेच सांगू लागतात. १९७६ साली स्पार्क जोन्स बाईंनी स्टीफन रॉबर्टसन यांच्यासह एक निबंध लिहिला, त्यात यंत्राचे शिक्षण याच मार्गाने केले आहे. यंत्राने प्रथम काही कागद काढून द्यावेत. शोधणाऱ्याने हे उपयोगी, हे निरुपयोगी, असे सांगावे. आणि मग उपयोगी कागदांत कोणता शब्द किती आला व निरुपयोगी कागदांत किती आला, हे पाहून यंत्राने त्या शब्दाचे वजन नव्याने ठरवावे. येथे वजन केवळ आवकेवर राहत नाही, गिऱ्हाइकाच्या पसंतीवरही राहते. रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या सिटी विद्यापीठात १९९० नंतरच्या दशकात यावरूनच आणखी एक सूत्र बसविले. 'बीएम पंचवीस' या नावाने ते ओळखले जाते आणि आजही असंख्य शोधयंत्रांत ते वापरात आहे.

बाईंच्या निबंधास लगेच मोठे यश मिळाले असे नाही. त्या काळी विद्वानांचा ओढा निराळ्या दिशेस होता. यंत्रास आधी जगाचे ज्ञान नियमांच्या रूपाने शिकवावे, मग ते भाषा समजेल, असे पुष्कळांस वाटे. नुसती मोजणी करून काय होणार, असा त्यांचा सूर. बाईंचे मत असे होते की लिहिणाऱ्याने जे शब्द लिहिले आहेत त्यांवरच भिस्त ठेवावी. त्यांच्या जागी दुसरी कृत्रिम भाषा बसविण्याची फारशी गरज नाही. पुढे १९९२ पासून अमेरिकेत लक्षावधी लेखांच्या संग्रहांवर दरसाल जाहीर कसोट्या होऊ लागल्या. लहान संग्रहांवर जे दिसले होते ते मोठ्या संग्रहांवरही टिकले. इंटरनेट आल्यावर तर कागदांचा समुद्रच लोटला, आणि त्यात शोध घेणाऱ्या यंत्रांस या वजनावाचून गत्यंतर राहिले नाही.

आणि या बाईंचे स्वतःचे वजन किती धरले गेले? १९७४ पासून त्या केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत काम करीत होत्या, परंतु कित्येक वर्षे त्यांचा पगार तात्पुरत्या अनुदानांवर चाले. एक अनुदान संपले की दुसरे मिळवावयाचे. त्यांस प्राध्यापकपद मिळाले ते १९९९ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आणि २००२ साली त्या निवृत्तही झाल्या. निवृत्तीनंतरही प्रयोगशाळेत येऊन काम करीत राहिल्या. मुलींनी या शास्त्रात यावे, हे काम केवळ पुरुषांवर सोपवून ठेवू नये, असे त्या आवर्जून सांगत. ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीचे लव्हलेस पदक त्यांस २००७ साली जाहीर झाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी ४ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने त्यांच्यावर मृत्युलेख छापला तो २०१९ साली, म्हणजे बारा वर्षांनी. ज्यांच्या निधनाची दखल वेळीच घेतली गेली नाही अशांसाठी त्या पत्राने एक सदर काढले आहे, त्यात.

हे वाचून मला आमच्या दिवाणजींची आठवण झाली. तुलना करण्याचा हेतू नाही. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद जागच्या जागी लावणाऱ्या माणसाची आठवण लोकांस बहुधा कागद न सापडल्यावरच होते.

आजकाल मोबाइलवर प्रश्न विचारला असता सरळ वाक्यांत उत्तर देणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांची रीत निराळी आहे. त्यांत शब्दाचे एक वजन नसून प्रत्येक शब्दामागे शेकडो आकड्यांची रांग असते, आणि ते आकडे अफाट मजकूर वाचून यंत्राने स्वतःच बसविलेले असतात. 'तूट' आणि 'घट' यांची रांग जवळपास सारखी पडते, म्हणजे बाईंच्या १९६४ च्या प्रबंधातला प्रश्न तेथे पुष्कळसा सुटल्यासारखा आहे. परंतु अशा यंत्रास आपल्या पेढीचे कागद ठाऊक नसतात. विचारले तर ते गोड भाषेत एखादे न झालेले पत्रही झाले म्हणून सांगेल. यास्तव अनेक ठिकाणी आधी वजनाच्या जुन्या रीतीने खरे कागद काढतात, आणि मग ते त्या यंत्रापुढे ठेवून उत्तर मागतात. ज्याने १९८७ साली लेखी शब्द फिरविलेला पाहिला आहे, त्यास आधी कागद आणि मग बोलणे हा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर जुन्या पत्रांची पुडकी असतील. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत त्यांतली काही रद्दीत जातात. ती देण्यापूर्वी निदान त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत, एवढी विनंती मी वाचकांस करतो. त्यांतले कोणते पत्र उद्या हवे होईल हे आज सांगता येत नाही, आणि पुडक्यावर लिहिलेल्या नावावरून तर मुळीच सांगता येत नाही.

आमच्या लाल वहीचे काम अजून चालू आहे. सध्या १९८८ सालचे पुडके सोडले आहे. त्यात 'तुरडाळ' हा शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रात येतो, म्हणून त्याचे वजन १ च धरावे लागले. १९८७ च्या पुडक्यात तोच शब्द चार पत्रांत होता आणि त्याचे वजन ६ होते. 'खपली' मात्र अद्याप एकदाही आलेली नाही. त्या वर्षी वडिलांनी खपलीचा व्यवहार केलाच नव्हता. न आलेल्या शब्दाचे वजन किती धरावे, असे मी नातीस विचारले, तेव्हा ती म्हणाली की त्याचे खातेच उघडत नाहीत.